पुढच्या सीटचं वजन

मामीने गॅरेजचं शटर वर केलं आणि कपाळावर हात मारला. बाईसाहेब पुन्हा बसल्या होत्या.

बाईसाहेब म्हणजे मामीची गाडी. लांबलचक, गडद हिरवी, आत खऱ्या लाकडाच्या पट्ट्या आणि कातडी सीटा. नवी होती तेव्हा ती एका दंतवैद्याकडे होती, आणि म्हणे तिला बघायला लोक रस्त्यात थांबायचे. आता टपावरचा रंग उडाला होता, मागची काच एकदा खाली गेली की दोन्ही हातांनी ओढून वर आणावी लागायची, पण ऐट तसूभरही कमी झाली नव्हती. मामीचा तिच्यावर जीव होता तो मात्र ऐटीमुळे नाही. या गाडीच्या चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले जाड रबरी फुगे होते. खड्डा आला की फुगा तो मुकाट्याने गिळायचा आणि मागे ठेवलेल्या केकला त्याची खबरही लागायची नाही. मामीचा धंदा केकचा. बाकीचे केकवाले रस्त्याला शिव्या घालत क्रीम सारखं करत बसायचे, तेव्हा मामी शीळ घालत मजल्यांचे केक पोचवून यायची.

आता त्यातला पुढचा डावा फुगा फाटायला आला होता. रात्रभरात त्यातली हवा निघून जायची आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यावर टेकलेली असायची, थकलेल्या बाईने पायरीवर बूड टेकावं तशी.

"आज पण?" वरच्या खिडकीतून मामांनी विचारलं. मामा म्हणजे मामीचे यजमान. चष्म्याचं दुकान चालवायचे आणि अंगाने इतके काडीपैलवान की वारा सुटला की मामी त्यांना दुकानाचं दार लावून घ्यायला सांगायची. "विकून टाक म्हणतो ती. भंगारवाला तरी बसल्या जागी उचलून नेईल."

"तुम्ही आधी तोंड धुवा," मामी म्हणाली.

विकायचा प्रश्नच नव्हता, आणि या महिन्यात तर नव्हताच नव्हता. बबडीचं लग्न होतं. बबडी म्हणजे मामीच्या नणंदेची मुलगी. लहानपणी अख्खी सुट्टी ती इथेच पडीक असायची, केकच्या कडा कापून उरलेले तुकडे खायची आणि दिवसभर "मामी, मामी" करत घर डोक्यावर घ्यायची. तिच्यामुळेच तर सगळी गल्ली मामीला मामी म्हणायला लागली. लग्न डोंगरावर, नवऱ्या मुलाच्या गावच्या हॉलमध्ये होतं. तीन तासांचा रस्ता, त्यातला अर्धा वळणांचा.

मागच्याच आठवड्यात बबडीचा फोन आला होता. "मामी, मला दोनच गोष्टी हव्यात. तू मला लहानपणी कबूल केलेला पाच मजल्यांचा केक. आणि आजोबा."

"केक माझ्याकडे लागला," मामी म्हणाली होती. "आजोबांचं काही सांगता येत नाही गं."

आजोबा म्हणजे मामीचे सासरे, नाना. चांगले धिप्पाड गृहस्थ, पण आवाज कुणालाही ऐकू न येणारा. जन्मभर शिंपीकाम केलं. मग जवळचं दिसेनासं झालं, सुईत दोरा जाईना, आणि एक दिवस त्यांनी मशीनवर कापड पांघरलं ते पांघरलंच. मुलाचं चष्म्याचं दुकान, पण बापाला एक चष्मा पसंत पडेल तर शपथ. त्यात गुडघे गेले. गेल्या वर्षी कुणाच्या तरी समारंभाला गेले असताना बसमधून उतरायला त्यांना चार माणसं लागली, मागे सगळी बस खोळंबली, कुणीतरी घड्याळ बघितलं. ते घड्याळ बघणं नानांच्या मनाला लागलं. तेव्हापासून कुठेही चला म्हटलं की एकच उत्तर, "मी कशाला मध्ये? तुम्ही जाऊन या." मग दिवसभर दाराशी खुर्ची टाकून ते मामीचे भिजवलेले बदाम सोलत बसायचे. बदाम सोलायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात.

बबडीने स्वतः फोन केला तेव्हाही ते तेच म्हणाले होते, आणि फोन ठेवल्यावर सोललेल्या बदामांच्या वाटीत सालं टाकत राहिले होते. मामीने ते पाहिलं होतं. त्या दिवशी तिला त्यांचा रागही आला आणि रडूही आलं.

मामी आधी शोरूमला गेली. तिथल्या थंडगार काचेच्या खोलीत टाय घातलेल्या मुलाने तिला पाणी दिलं, पाठोपाठ कॉफी दिली, आणि शेवटी चारही फुगे आणि हवा भरणारा पंप बदलण्याचा अंदाज दिला. त्यावरचा आकडा वाचून मामीने कॉफी खाली ठेवली.

"यात काही कमी?"

"मॅडम, ओरिजिनल पार्ट आहेत," मुलगा इतक्या नम्रपणे म्हणाला की त्याच्याशी भांडताही येईना.

घरी मामांनी कागद नाकाशी धरून वाचला. "एवढ्यात गाडी येते की गं. अख्खी. चाकांसकट."

मग मामीने मिस्त्रीला गाठलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजचा हा मालक चांगला दणकट गडी, आणि गाड्यांबद्दल अशा हळव्या आवाजात बोलायचा की आत कुणी आजारी माणूस झोपलंय असं वाटावं. तो गाडीखाली गेला, बराच वेळ तिथेच राहिला आणि हात पुसत बाहेर आला.

"मामी, रबर म्हातारं झालंय. पण शोरूम म्हणते तेवढं काही घाबरायला नको. मार्ग आहेत."

"स्वस्तातले सांगा."

"एक म्हणजे जुन्या फुग्यांवर नुसतं नवं रबर चढवून देतात. काम झकास होतं, पण माल लांब पाठवावा लागतो आणि परत कधी येईल ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं."

"लग्न तोवर थांबणार नाही."

"मग भंगारबाजारात अशीच गाडी शोधायची आणि तिचा फुगा काढायचा. सगळ्यात स्वस्त. फक्त तिचं रबरही आपल्याच वयाचं असणार." मिस्त्रीने डोकं खाजवलं. "आणि शेवटचा उपाय म्हणजे हवेची भानगडच काढून टाकायची आणि साध्या लोखंडी स्प्रिंगा बसवायच्या. जन्मभर बघायला नको. पण मग ते तरंगणं विसरा."

तरंगणं विसरायला मामी तयार नव्हती. म्हणून ती आधी भंगारबाजारात गेली. तिथे तिला बाईसाहेबांची सख्खी बहीण भेटली, करड्या रंगाची, मागून चेपलेली, पण पुढून शाबूत. मिस्त्रीने तासभर घाम गाळून डावा फुगा काढला, आणून बसवला, आणि बाईसाहेब ताठ उभ्या राहिल्या. मामीने गल्लीत बिस्किटं वाटली.

आठवडाही गेला नाही तोच उजवा फुगा बसला. मग मागचा. त्यांच्यात हवा भरता भरता पंपाने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि तोही बसला. आता गाडी चारही बाजूंनी सारखी बसली होती, एवढंच काय ते समाधान.

"घाला स्प्रिंगा," मामी म्हणाली. तिने हात टेकले होते.

या गाडीच्या तयार स्प्रिंगा काही कुठे मिळेनात. पण मिस्त्रीच्या ओळखीचे एक स्प्रिंगवाले काका होते. ट्रकपासून दवाखान्यातल्या खाटेपर्यंत सगळ्याच्या स्प्रिंगा ते हाताने वळून द्यायचे, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं. "वजन बरोबर सांगा, मी स्प्रिंग बरोबर देतो. पुढचं वेगळं, मागचं वेगळं. त्या वजनाखाली तुमची गाडी पाळण्यासारखी चालेल. ही माझी जबाबदारी."

म्हणजे सगळं वजनावर होतं, आणि वजनाच्या बाबतीत मामीला कुणी शिकवायची सोय नव्हती. मैदा, लोणी, साखर सगळं ती काट्यावर करायची. अंदाजाने केक करणारी बाई तिला अंदाजाने औषध देणाऱ्या डॉक्टरसारखी वाटायची. दुसऱ्याच दिवशी तिने बसलेली गाडी तशीच रखडत नेऊन बाजारातल्या ट्रक तोलायच्या काट्यावर घातली, आधी पुढची चाकं, मग मागची, आणि दोन्ही आकडे पाठ करून स्प्रिंगवाल्या काकांना फोनवर सांगून टाकले. काकांनी ते दोनदा विचारले. "जड आहे हो तुमची गाडी," असंही म्हणाले. मामीला त्यात जरा अभिमानच वाटला.

स्प्रिंगा आल्या त्या लग्नाच्या आदल्या शुक्रवारी. मिस्त्रीने त्या दुपारपर्यंत बसवल्या आणि गाडी घेऊन घरी आला. लग्न रविवारी होतं. मामीने परीक्षेसाठी जेली केली होती, लाल, मोठ्या ताटात, हात लागला की थुलथुलणारी. "ही जागच्या जागी राहिली तर केक राहिला," ती म्हणाली आणि ताट मागच्या सीटवर ठेवलं.

गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक होता. मुंगीच्या पावलांनी त्यावर चढली तरी गाडीने असा काही उसळी मारून सलाम केला की मामीचं डोकं टपाला लागलं. उतरताना गाडीने दुसरा सलाम केला. घरी परत आली तेव्हा जेली मागच्या काचेला चिकटली होती आणि हळूहळू खाली येत होती.

दाराशी मामा उभे होते. त्यांनी एकदा काचेकडे पाहिलं. मग त्यांच्या स्वभावाला मानवणार नाही इतक्या मोठ्या मनाने ते गप्प बसले.

"गाडी उंटासारखी उभी आहे," मिस्त्री चाकाशी उकिडवा बसून म्हणाला. "चाक आणि पत्र्यात हात जातोय माझा. या स्प्रिंगा जड गाडीच्या आहेत, मामी. वजन कसं केलं होतं?"

"काट्यावर. दोनदा."

"गाडी रिकामी होती ना?"

"मग काय! मी एकटी होते आत."

दाराशी कुणीतरी खाकरलं. बदामांची वाटी मांडीवर घेऊन नाना बसले होते.

"मी होतो," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. नानांना ते मुळीच सोसेना. "गुडघ्याच्या डॉक्टरांकडून येत होतो ना आपण. मी पुढे होतो. आणि मागे पोती होती. मैद्याची तीन आणि साखरेचं एक."

मामी मटकन पायरीवर बसली. सगळा प्रकार तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. रोज सकाळी ती काट्यावर भांडं ठेवायची, बटण दाबून आकडा शून्यावर आणायची आणि मग मैदा ओतायची. इतकी वर्षं काट्यावरच्या आकड्यात भांडं कधी आलंच नव्हतं. ट्रकच्या काट्याला असलं बटण नसतं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. समोर आकडा दिसला, आणि हातातल्या सवयीने तो खरा मानला. पोती तिने भांड्यासारखी सोडून दिली. त्याचं तिला काही वाटलं नसतं. पण तिने नानांनाही सोडून दिलं होतं. शेजारी बसलेला एवढा मोठा माणूस! सबंध रस्ताभर ते तिच्या बाजूला होते आणि ती म्हणत होती, मी एकटी होते.

"अहो नाना, तेव्हाच बोलायचं नाही का?" मिस्त्री म्हणाला.

"मनात आलं होतं, उतरावं का म्हणून. पण मला उतरायला वेळ लागतो. मागे ट्रक उभे होते, सूनबाई घाईत होती. म्हटलं, कशाला मध्ये."

मामीला लाज वाटली, अगदी तोंड लपवावं अशी. पण लाजत बसायला वेळ नव्हता. स्प्रिंगवाल्या काकांना नव्या स्प्रिंगा वळायला पंधरवडा लागला असता.

"नव्या कशाला?" मिस्त्री उभा राहत म्हणाला. "स्प्रिंगा बरोबरच आहेत. गाडीच अर्धी आहे. पोती आणा."

मामांनी आणि त्याने मिळून पोती डिकीत टाकली, म्हणजे मिस्त्रीने टाकली आणि मामांनी 'सांभाळून, सांभाळून' म्हटलं. नानांच्या जागी मिस्त्री स्वतः बसला. उरलेली जेली ताटात गोळा करून मागे ठेवली. या वेळी गतिरोधकावर बाईसाहेब अलगद चढल्या, अलगद उतरल्या, आणि जेली नुसती लाजल्यासारखी थरथरली. मामीने ब्रेक लावून स्टीयरिंगचाच मुका घेतला. जेली मिस्त्रीने खाल्ली.

शनिवारी मामा सकाळीच बहिणीबरोबर पुढे गेले. मामी दिवसभर केकमध्ये बुडाली होती. पाचही मजले तयार झाले, साखरेची फुलं वाळली, आणि तिच्या लक्षात आलं की पुढच्या सीटवर बसायला मिस्त्री काही येणार नाही. त्याला फोन लावला. हात क्रीमने बरबटलेले, म्हणून फोन ओट्यावर ठेवून मोठ्याने बोलत राहिली.

"सोपं आहे," फोनमधून मिस्त्री ओरडला. "पुढच्या सीटवर दोन पोती उभी करा आणि पट्ट्याने आवळून बांधा. माणूसच पाहिजे असं काही नाही."

मामीने फोन बंद केला. हात धुतले. पोती बांधणं दहा मिनिटांचं काम होतं. ती भिंतीशी रचलेल्या पोत्यांकडे बघत जरा वेळ उभी राहिली, आणि मग पदराआड काही लपवायचं असल्यासारखी घाईघाईने दाराशी गेली.

"नाना, एक अडचण आहे."

"काय गं?"

"या स्प्रिंगा तुमच्या वजनावर झाल्यात. उद्या पुढे तुम्ही बसल्याशिवाय केक काही पोचत नाही."

नानांनी बदाम खाली ठेवला. "पोतं नाही चालणार?"

"पोतं वळणावर लवंडतं," मामी न अडखळता म्हणाली. खोटं बोलायचं तर तिला ते नेहमी उभ्याउभ्या जमायचं.

नानांनी गुडघे चोळले. "तीन तास म्हणजे... मला मध्ये उतरावं लागतं."

"तुम्ही उतराल तेव्हा गाडी थांबलेलीच असणार ना? मग उसळेल कशी?"

"आणि मागची माणसं खोळंबली तर?"

"मागे केक आहे. त्याला घड्याळ नसतं."

नानांनी मान खाली घातली. हसले की काय ते तिला दिसलं नाही. "माझा कोट कुठे आहे बघ," ते म्हणाले. "काखेत उसवलाय. जरा टाका घालायला हवा. दोरा तेवढा तू ओवून दे."

रविवारी सकाळी निघाले. मागची सीट काढून तिथे केक ठेवला होता, डिकीत पोती, आणि पुढे नाना, कोट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे. गावाबाहेर पडेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "डावीकडे खड्डा. आत पाणी आहे."

"कुठे?"

"त्या पिवळ्या ट्रकच्या पुढे."

"नाना, तो ट्रकच मला ठिपक्याएवढा दिसतोय!"

"मग नवऱ्याकडून चष्मा करून घे," नाना म्हणाले.

मामीने चमकून पाहिलं. जवळचं दिसत नाही, जवळचं दिसत नाही म्हणून सगळ्यांनी इतकं ऐकलं होतं की लांबचं कसं दिसतं हे कुणी विचारलंच नव्हतं. लांबचं त्यांना घारीसारखं दिसत होतं. खड्डा आला, खरंच पाण्याने भरलेला, आणि मामीने तो आरामात चुकवला.

त्यानंतर नानांना कंठ फुटला. खड्डे, उखडलेली कड, रस्त्यात पडलेली चप्पल, काही सुटेना. मागून एक गाडीवाला भोंगा वाजवून वाजवून दमला तेव्हा मामी कडेला घ्यायला लागली. "वाजवू दे त्याला," नाना म्हणाले. "घाई असेल तर जाईल वरून." स्वतः काय बोललो ते ऐकून त्यांनाच जरा नवल वाटलं असावं, कारण पुढचा खड्डा त्यांनी दुप्पट आवाजात सांगितला. दोनदा थांबून ते उतरले, पाय मोकळे केले, आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

घाट चढल्यावर मात्र रस्ताच संपला. पुढे खोदकाम चालू होतं. झेंडी धरलेल्या माणसाने बाजूच्या कच्च्या वाटेकडे हात केला. वाट म्हणजे नुसते दगडगोटे आणि ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल घळी. मामीने गाडी जागीच थांबवली.

"मी उतरून पुढे चालतो," नाना दाराला हात घालत म्हणाले. "तू माझ्या मागून ये."

"बसा नाना! तुम्ही उतरलात तर गाडी उड्या मारेल!"

नाना बसले. मग त्यांनी काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि गिऱ्हाइकाचं कापड बेतत असल्यासारखे सूचना द्यायला लागले. "घळीत उतरू नकोस. मधल्या उंचवट्यावर चाक ठेव, शिवणीवरून गेल्यासारखं. हां. आता तिरपं काप. अगं हळू, मखमल आहे समज. उजवी बाही मोकळी आहे, घे, अजून घे..."

वाट संपता संपता धप्प झालं. मागे काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला. मामीने गाडी पक्क्या रस्त्यावर आणली आणि थांबवली. दोघांपैकी कुणीच वळलं नाही.

"तुम्ही बघा," मामी म्हणाली. "माझ्यात धीर नाही."

"मी बघून काय उपयोग? मला जवळचं दिसत नाही."

मामीने डोळे मिटले, वळली, आणि एक डोळा उघडला. मग दुसरा.

"एक पाकळी पडली."

"मोठी?"

"नखाएवढी."

"तेवढं उसवलेलं चालतं," नाना म्हणाले, आणि दोघं इतकं हसले की झेंडीवाला मागे वळून बघायला लागला.

हॉलच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा पायऱ्यांवरून बबडी धावत येताना दिसली. पांढरा झगा दोन्ही मुठींत धरलेला, पायांत एकच बूट. मामी घाईघाईने उतरून मागचं दार उघडायला गेली, केक दाखवायला. पण बबडी मागे आलीच नाही. ती सरळ पुढच्या दाराशी गेली, ते उघडलं आणि कोटाच्या गळपट्टीत तोंड खुपसून मुसमुसायला लागली.

"आजोबा, तुम्ही आलात."

"आलो ना. रडू नकोस, झगा खराब होईल. कापड चांगलंय." नानांचा हात तिच्या डोक्यावरून फिरत होता. "शिलाई कुणी केली?"

मग बबडी त्यांना उतरवायला लागली तशी नानांनी दाराची चौकट घट्ट धरली. "थांब! आधी केक. मी उतरलो तर गाडी वर येईल."

"काय वर येईल?"

"तू केक काढायला सांग. मी इथेच बसतो."

पाच मजले हॉलमध्ये सुखरूप पोचेपर्यंत नाना जागचे हलले नाहीत. वऱ्हाडी येत होते, जात होते, गाडीशी थांबून त्यांना भेटत होते. कुणाला घाई नव्हती. मामांनी येऊन वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि परत घातला. शेवटी मामीने नानांना हात दिला. ते उभे राहिले तशा बाईसाहेब पुढून जराशा वर आल्या.

"सूनबाई," पायऱ्या चढताना नाना हळूच म्हणाले, "मिस्त्रीचा फोन मी ऐकला होता. तो फार मोठ्याने बोलतो."

मामीचा चेहरा पडला. "मग? आलात कसे?"

"तू पोती बांधली नाहीस म्हणून," नाना म्हणाले आणि पुढची पायरी चढले.

आठवड्याभराने मिस्त्री मामीकडे आला. स्प्रिंगवाले काका चूक सुधारून द्यायला तयार होते. जुन्या स्प्रिंगा परत घेऊन रिकाम्या गाडीच्या मापाने नव्या वळून देणार, थोडक्या पैशात काम होणार, मग रोज पोती चढवायची कटकट नाही, काही नाही.

मामीने बाहेर पाहिलं. दाराशी बाईसाहेब उभ्या होत्या, मागे तीन मजल्यांचा केक, डिकीत पोती, आणि पुढे कोट घातलेले नाना, निघायला उशीर होतोय म्हणून भोंगा वाजवत.

"नको," ती किल्ली उचलत म्हणाली. "वजन बरोबर आहे."